दुसऱ्या लेखिकेस

क्लेअर, दक्षिण ऑस्ट्रेलिया, ३ मार्च २०२४

डॉ. ग्लेनिस शिर्मर यांस,

हे पत्र मी मुद्दाम टपालाने पाठवते आहे. ईमेल तुम्ही न उघडता पुसून टाकाल. हाताने लिहिलेला कागद मात्र तुम्हाला वाचल्याशिवाय टाकवत नाही, मग चुका काढण्यासाठी का होईना.

बाबांनी आमचं शेत, कुरालटा, विकायला काढलं आहे. घर, लोकर कातरायची शेड, कातरणाऱ्यांच्या खोल्या, सगळं. गेल्या महिन्यात मी आणि आई त्या खोल्या रिकाम्या करत होतो. घटस्फोटानंतर ज्या खोलीत तुम्ही दोन वर्षं राहिलात आणि जिथे मला वाचायला शिकवलंत, तिथला जुना पेटीसारखा फ्रीझर अजून चालू आहे. वरच्या बाजूला कुत्र्यांसाठी ठेवलेलं कांगारूचं मांस होतं. त्याच्या तळाशी, बर्फात रुतलेल्या सात पिशव्या होत्या.

अक्षर तुमचं. प्रत्येक पिशवीवर कोकराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, ‘यकृत’ हा शब्द, २८ ऑगस्ट २०१५ ही तारीख आणि खाली ‘सेलेनियम?’

प्रश्नचिन्हासकट.

आईने विचारलं, ‘काय आहे गं ते?’ मी म्हणाले, ‘कुत्र्यांचंच.’ आणि पिशव्या माझ्या गाडीत ठेवल्या. आईशी मी खोटं बोलले, याचीही नोंद इथे करते, कारण या पत्रात मला सगळं नीट लिहायचं आहे.

नमुने मी तपासायला पाठवले. सातही यकृतांत सेलेनियम नेहमीपेक्षा दहापट ते पंधरापट आहे, म्हणजे विषबाधेइतकं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही हेच विचारलं होतंत, आणि उत्तर येऊ नये म्हणून पाकीट टपालात टाकलंच नाहीत.

तुमच्या लेखातलं वाक्य मला पाठ आहे. ‘रात्रभर मेंढवाड्यात उपाशी ठेवलेली कोकरे शेतकऱ्याने सकाळी सावरसॉबने भरलेल्या कुरणात सोडली, हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.’ आंबुशीच्या जातीचं ते पिवळ्या फुलांचं तण. त्याच्यावर खापर फोडायला तुम्हाला सहा पानं लागली. शेतकऱ्याचं नाव तुम्ही दिलं नाहीत. द्यायची गरजच नव्हती. त्या वर्षी आमच्या भागात एकाच माणसाची एकशे शहाऐंशी कोकरं दोन दिवसांत मेली होती. गावच्या फूटी, म्हणजे फुटबॉलच्या, क्लबात बाबांच्या ठरलेल्या जागेवर बियरच्या पेल्यात सावरसॉबचा गुच्छ ठेवलेला असायचा. पुढचा सगळा हिवाळा. ‘डेन्झिल, भूक लागली असेल तर घे की,’ लोक बाबांना म्हणायचे. पहिले काही शनिवार बाबा हसले. मग ते क्लबात जायचे थांबले. मग मेंढ्या विकल्या. आता ते नगरपालिकेचा ग्रेडर चालवतात, खडीचे रस्ते सपाट करतात, आणि मेंढ्यांचा ट्रक समोरून आला की काच वर घेतात.

मी लेख लिहिते आहे. तुमचा ज्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्याच नियतकालिकासाठी. तुम्हाला कळवते आहे, कारण कळवणं योग्य आहे, तुला घाबरवण्यासाठी नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. घाबरवण्यासाठीच.

केरेन्सा नॅनकिव्हेल


क्लेअर, १९ मार्च

मावशी,

‘तुम्ही’ मला जमत नाही. रागातही जमत नाही. तेव्हा तू.

तुझं उत्तर आलं नाही. दिवसभर गाईंच्या गर्भतपासण्या, एखाद्या अल्पाकाची वाढलेली नखं, आणि चारनंतर दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी लेख लिहिते. गोषवारा अडीचशे शब्दांचा हवा. माझा पहिला मसुदा अकराशे शब्दांचा झाला आणि त्यातले चारशे तुझ्यावर होते. नेरीडाने तो वाचला. नेरीडा म्हणजे माझी वरिष्ठ, या दवाखान्याची मालकीण. जेवता जेवता वाचते आणि पानांवर टोमॅटो सॉस सांडते.

‘“निर्लज्ज” हा शब्द काढ,’ ती म्हणाली.

‘का? खोटा आहे का?’

‘खरा असेल. पण त्याला एकक नाही. मिलिग्रॅममध्ये मोजता येत असेल तर ठेव.’

मी काढला. मग तिने पहिलं पान उलटसुलट करून पाहिलं.

‘लेखक म्हणून तू एकटीच?’

‘मग अजून कोण?’

‘कोकरं कुणी उघडून पाहिली? यकृतं कुणी काढली? पिशव्यांवर क्रमांक कुणी घातले?’

‘मावशीने.’

‘मग ती लेखिका.’

‘तिच्याच चुकीवरच्या लेखात?’

‘हे बघ डॉक्टरीणबाई, तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस आणि तोंडावर मुरुमं होती. नमुने तिचे आहेत. तिला आभाराच्या ओळीत ढकललंस, तर तिने केलं तेच तू केलंस, फक्त अक्षर तुझं सुबक आहे.’

मी गाडीत जाऊन बसले. फार चिडले होते. आणि मग, तिथेच, मला इतका आनंद झाला की मी स्वतःलाच घाबरले.

कारण नियम तुला माझ्याहून चांगला माहीत आहे. लेखात नाव असलेल्या प्रत्येकाला नियतकालिक स्वतंत्र निरोप पाठवतं, आणि प्रत्येकाने स्वतः कबूल करायचं असतं: मी हा लेख वाचला आहे, त्यातील सर्व मजकुराशी मी सहमत आहे. एकानेही नाही म्हटलं तर लेख संपादकापर्यंत जातच नाही. मी एकटीने तुझ्याबद्दल लिहिलं तर तो घरगुती आरोप होईल. चहा पिता पिता लोक म्हणतील, मावशी-भाचीचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. पण खाली तुझी सही असली तर ते विज्ञान होईल.

मला तुझी बदनामी नको, मावशी. मला तुझी सही हवी.

तुझं नाव दुसरं घातलं आहे.

केरेन्सा


क्लेअर, १४ एप्रिल

मावशी,

‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग लिहिताना हात अडला. कोणतं औषध, किती, कोणत्या दिवशी, कोणी दिलं. तू मला शिकवलं होतंस की हा भाग असा लिहावा की परक्या देशातल्या परक्या माणसाला तो वाचून तेच काम जसंच्या तसं करता आलं पाहिजे. आई शेजारी बसून मला पाढे म्हणायला लावायची आणि तू मला जुन्या अंकांतले हे भाग मोठ्याने वाचायला लावायचीस. इतर मुली परीकथा वाचत होत्या. मी मेंढ्यांचे जुलाब वाचत होते.

बाबांना विचारायला गेले. ओरूरू गावाच्या पुढे रस्त्यात ग्रेडर उभा करून ते मांस-बटाटा भरलेली पास्टी खात होते. हा लेख कशासाठी आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

‘बाबा, त्या वर्षी कोकरांना लस कुठली दिली होती?’

‘नेहमीची.’

‘सेलेनियमवाली?’

‘मावशीला विचार.’

‘मावशीला नाही, तुला विचारतेय.’

‘केरी, ती कोकरं मेली. नऊ वर्षांनी त्यांना जुलाब लागलेत का, की आता औषधं शोधतेस?’ त्यांनी पास्टीचा कडक कोपरा खिडकीतून कावळ्याला टाकला. ‘गाडी काढ रस्त्यातून. खडी पडायचीय.’

मग मी शेडमध्ये गेले. आमच्याकडे औषधांची वही कधी कुणी ठेवली नाही, हे तुला सांगायला नको. गेरूचा खडू घ्यायचा आणि शेडच्या आतल्या फळीवर लिहायचं. आजोबांच्या हातच्या १९५८ सालच्या नोंदी अजून वाचता येतात. वाड्याच्या दाराशेजारची तिसरी फळी २०१५ ची आहे.

२६ ऑगस्ट, दूध तोडलेली कोकरं ९१२, लस, सेलेनियमसह. २७ ऑगस्ट, जंताचं औषध, सेलेनियमसह. दोन्हींचे खेपेचे क्रमांकही बाबांनी डब्यांवरून उतरवून ठेवले आहेत. या दोन्हींपैकी एकातच सेलेनियम असावं, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. आणि त्याच्या खाली, तुझ्या अक्षरात:

‘डेन्झ, दोन्ही दे. मागच्या वर्षीसारखी ताठलेली पोरं नकोत. ग्ले.’

आदल्या वर्षी जमिनीत सेलेनियम कमी पडून बारा कोकरांचे पाय ताठले होते, मला आठवतं. म्हणून तुला दुप्पट खात्री हवी होती.

मी त्या फळीसमोर किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. मग फोटो काढला. प्रकाश चांगला होता. चौकट नीट बसवली आणि कडेचा फापटपसारा कातरून टाकला. आकृती २. खालची ओळ अशी: ‘औषधोपचाराची मूळ नोंद व पशुवैद्याची लेखी सूचना.’

दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होते, एवढं मी ‘चर्चा’ या भागात लिहिलं आहे. तो भाग लहान ठेवला आहे.

केरेन्सा


क्लेअर, ९ मे

मावशी,

लेख काल चढवला. हे लोक माणसाची सहनशक्ती तपासतात. ओळींना क्रमांक हवेत, तक्ते वेगळ्या फायलीत हवेत, आकृती अमुक इतक्या ठिपक्यांची हवी. तीनदा परत आली. शोधायला सोपं जावं म्हणून सहा शब्द द्यायचे असतात. मी ‘मेंढ्या, सेलेनियम, विषबाधा, लस, यकृत’ लिहिलं आणि सहाव्या शब्दापाशी थांबले. नेरीडा मागून म्हणाली, ‘“सूड” लिही. त्या विषयावर फारसं कुणी छापलेलं नाही, पहिलीच ठरशील.’ मी ‘दक्षिण ऑस्ट्रेलिया’ लिहिलं.

सर्वांत जास्त वेळ हितसंबंधांच्या निवेदनाला लागला. ‘लेखकांचे कोणतेही परस्परविरोधी हितसंबंध नाहीत’ असं सगळे लिहितात. मला ते लिहवेना. शेवटी असं लिहिलं: ‘पहिली लेखिका ही संबंधित शेतकऱ्याची मुलगी आहे. दुसरी लेखिका ही पहिलीची मावशी असून तिने या घटनेवर पूर्वी वेगळ्या निष्कर्षाचा लेख प्रसिद्ध केला आहे. दोघींचे नऊ वर्षे बोलणे नाही.’ शेवटचं वाक्य नेरीडाने खोडलं. ‘संपादकाला रडू येईल आणि तो पान ओलं करेल,’ म्हणाली.

मग मी बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: ‘एका लेखिकेची संमती प्रलंबित.’

आज सकाळीही तेच. दुपारी दोन कुत्र्यांच्या तपासण्यांमधून वेळ काढून पाहिलं, तेच. निरोप तुझ्या नेहमीच्या पत्त्यावर गेला आहे, तो तू वाचला आहेस, तेवढं मला तिथे दिसतं. तीस दिवसांनी प्रकरण आपोआप रद्द होतं.

गप्प राहणं तुझ्याकडून मी शिकायला हवं. आई आजही तुझं नाव निघालं की किटली ठेवायला उठते. नऊ वर्षांत आमच्या घरात किती चहा झाला असेल, विचार कर. बाबा रस्ते सपाट करतात. आणि तू लॉन्सेस्टनला बसून इतरांच्या लेखांचं परीक्षण करतेस, लोकांना विचारतेस की तुमचा पुरावा काय. आता माझा पुरावा तुझ्यासमोर आहे. सातही पिशव्यांवर तुझंच अक्षर आहे.

तू ती यकृतं जाळून का टाकली नाहीस, हे मला समजत नाही. समजून घ्यायची इच्छाही नाही.

केरेन्सा


क्लेअर, २ जून

मावशी,

तुझं पाकीट आलं. पत्र नाही, सही नाही. माझाच लेख, छापून काढलेला, आणि त्यावर तुझी पेन्सिल. टोक अजून तितकंच बारीक करतेस, कागद खरवडतो.

तक्ता १ मध्ये सेलेनियम एका रकान्यात ओल्या वजनावर आहे आणि दुसऱ्यात कोरड्या, ही चूक तू पकडलीस. तू बरोबर आहेस. मला त्याचाही राग आला. चौदा स्वल्पविराम तू हलवले आहेस. आणि दोन प्रश्न विचारले आहेस.

ओळ १४२ शेजारी: ‘दुप्पट मात्रा सर्वांनाच मिळाली. मग ७२६ जगली कशी?’

आकृती २ खाली: ‘डावीकडून का कापली आहे?’

मी दोन दिवस ते पान टेबलावर पालथं ठेवलं होतं.

डावीकडे काय आहे ते तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. डावीकडे गेरूच्या रेघा आहेत, पाचापाचांच्या जुड्या, सेहेचाळीस. म्हणजे दोनशे तीस. आणि त्यांच्यावरून एक आडवी रेघ, सगळं रद्द.

२७ ऑगस्टला सकाळी बाबा जंताचं औषध पाजत होते आणि मी गेटवर होते. पाजलेली कोकरं एका वाड्यात, न पाजलेली दुसऱ्यात, मध्ये गेट. दोनशे तीस झाली तेव्हा आईने स्मोकोसाठी, चहाच्या सुट्टीसाठी, हाक मारली. नारळात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले होते. मी गेट ओढून घेतलं. साखळी आकड्यात अडकवली नाही. वीस मिनिटांनी चहा पिऊन आलो तेव्हा सगळा कळप एक झाला होता. बाबा कुंपणावर कोपरं टेकून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, ‘सगळ्यांना पुन्हा. जंताचं औषध दोनदा गेल्याने अजून कुणी मेलेलं नाही.’ आणि साध्या औषधाच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, इथे प्रत्येक शेतकरी तेच करेल. त्यांनी जुड्या खोडल्या आणि एकपासून मोजायला लागले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी औषधाची पिचकारी माझ्या हातात दिली. ‘घे, तू पाज. गेटापेक्षा सोपं आहे.’

म्हणजे सहाशे ब्याऐंशी कोकरांना दुप्पट, आणि दोनशे तिसांना तिप्पट. मात्रा सगळ्यांत मोठ्या कोकराच्या वजनाने लावलेली, त्यामुळे लहानांना आणखीच जास्त. तिपटीतली एकशे शहाऐंशी मेली, मोठी तेवढी तरली. हे गणित तू दिलेल्या पाटीवरच मी शिकले आहे.

हे मला केव्हा कळलं, असं तू विचारशील. निकाल आला त्याच दिवशी. तीन मार्चचं पत्र लिहिण्याच्या आधी.

तू २८ ऑगस्टला शेडमध्ये आलीस तेव्हा तीच फळी वाचली असणार. त्यावर तुझी चिठ्ठी आणि माझ्या रेघा एकमेकींच्या शेजारी आहेत. तेव्हा तू मला वाचवण्यासाठी तणावर लेख लिहिलास, असं जर तुझ्या मनात असेल तर ते मनातच ठेव. तू स्वतःला वाचवलंस. मी फक्त त्याच भिंतीला टेकून उभी होते. आणि दोघींच्या वाटचं बाबांना मिळालं.

तीस दिवसांची मुदत मी वाढवून घेतली आहे. ओळ १४२ पुन्हा लिहिते आहे.

केरेन्सा


क्लेअर, १६ जून

मावशी,

जनावरांच्या मालकाचीही लेखी संमती लागते. तो कागद मी शेवटासाठी ठेवला होता. वाटलं होतं की सगळं तयार झालं की बाबांच्या पुढ्यात लेख ठेवायचा, ते वाचतील, आणि मग काहीतरी होईल. काय होईल याचं चित्र मी नऊ वर्षं मनात रंगवत आले होते.

आज दुपारी जेवणानंतर ठेवला. बाबा बोट ठेवून वाचतात. तुझ्या चिठ्ठीचं वाक्य आलं, बोट हललं नाही. पुढे गेटचं वाक्य आलं.

‘हे काढ.’

‘नाही काढता येत.’

‘मग सही नाही.’

‘बाबा, ते वाक्य नसेल तर बाकीची कोकरं का जगली हे सांगता येत नाही.’

‘जगली ना? मग झालं. त्यांची कुणी चौकशी करत नाही.’

‘लोक अजून म्हणतात, डेन्झिलने उपाशी कोकरं मारली.’

‘म्हणू देत. मला सवय झालीय. तुझ्याबद्दल म्हणायला लागले तर त्याची सवय मला व्हायची नाही.’

‘तुला माहीत होतं?’

‘गेट कुणी लावलं नाही हे मला माहीत नसेल? मी तिथेच होतो की.’ त्यांनी चष्मा काढला. ‘तिच्या लेखावर भांडलो असतो तर सगळे भिंत बघायला आले असते. म्हणून म्हटलं, तण तर तण.’

आई उठली. मला वाटलं किटली. ती टेबलाच्या या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘ग्लेनिसने सोयीचं तेवढं लिहिलं आणि बाकीचं गाळलं. आता हीही गाळणार असेल, तर मी या टेबलावर बसून सात वर्षं हिला काय शिकवलं?’

तुझं नाव तिने घेतलं. मी तारीख लिहून ठेवली आहे.

बाबांनी चष्मा पुन्हा घातला. मग मी विचारलं, ‘आपल्या मेंढ्यांवर एक खोटा लेख छापून झालाय. दुसरा माझ्या नावाने छापू का?’ त्यांनी पेन मागितलं. सही केली नाही. गेटच्या वाक्यानंतर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, त्यांच्या त्या गेरूने लिहिल्यासारख्या मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पुन्हा पाजायला शेतकऱ्याने सांगितले.’

‘हे घाल. मग सही.’

घातलं. आता तो भाग असा आहे:

‘लस व जंतनाशक दोन्ही सेलेनियमयुक्त देण्याची सूचना दुसऱ्या लेखिकेने केली. मधल्या सुट्टीत गेट पहिल्या लेखिकेकडून (वय १५) नीट लावले न गेल्याने औषध पाजलेली २३० कोकरे इतरांत मिसळली. सर्व कोकरांना पुन्हा औषध पाजण्याचा निर्णय शेतकऱ्याने घेतला.’

क्रम वेळेप्रमाणे आहे, म्हणून तुझं वाक्य पहिलं. आकृती २ आता पूर्ण आहे.

मावशी, शुक्रवारपर्यंत सही कर. नाही केलीस तर मी काहीही करू शकत नाही. नियमच तसा आहे. लेख पडून राहील, तुझा जुना लेख छापलेला राहील आणि तू जिंकशील. हा अधिकार मी तुला स्वतःच्या हाताने दिला, नेरीडाच्या सांगण्यावरून आणि मग माझ्या मर्जीने. पण एवढं लक्षात ठेव, की खडीचे रस्ते करणाऱ्या माणसाने आणि त्याच्या मुलीने आपापलं वाक्य लिहून दिलं, आणि पुरावा मागणं हाच जिचा धंदा, तिला ते जमलं नाही. हे मी कुणाला सांगणार नाही. सांगायची गरज नाही. तुला माहीत असलं की पुरे.

केरेन्सा


क्लेअर, २० ऑक्टोबर

मावशी,

अंक आला. तुलाही आला असेल.

तू गुरुवारी सकाळी सही केलीस, सात वाजून दहा मिनिटांनी. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘सहमत’. दुसऱ्या परीक्षकाने सावरसॉबचा मुद्दा काढला तेव्हा तू उत्तर लिहून पाठवलंस: तुझ्या जुन्या लेखात सातपैकी एकाच कोकराच्या मूत्रपिंडात तणातल्या विषाचे खडे सापडले होते आणि तू सातांबद्दल लिहिलं होतंस. मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. चांगलं लिहिलं होतंस. त्याने काही मिटत नाही.

कुरालटा ऑगस्टमध्ये विकलं गेलं. लेख आला म्हणून ते परत मिळालं नाही, मेंढ्याही नाहीत.

मागच्या शनिवारी बाबा क्लबात गेले. मी बरोबर होते. त्यांनी लेखाची छापील प्रत सूचनाफलकावर लावली, मांसाच्या सोडतीचा कागद आणि नेटबॉलच्या सरावाची यादी यांच्या मध्ये, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘डेन्झिल, एवढं सगळं? थोडक्यात सांग की.’ बाबा वळलेही नाहीत. ‘सात पानं आहेत. उभा राहून वाच.’ मग बसले आणि एक बियर सावकाश संपवली. तासाभरात फलकासमोर सहा-सात जण जमले. एक वाचत होता, बाकीचे त्याला घाई करत होते. बाबांना कुणी काही म्हणालं नाही.

आता मला म्हणतात. मेंढ्यांच्या औषधांच्या दुकानात एक बाई थांबली, ‘ते गेटवालं प्रकरण, ती तूच ना?’ मी म्हणाले, हो, मीच. काल एका कातरणीच्या शेडवर तपासणीला गेले तर मालक लांबूनच ओरडला, ‘डॉक्टर, आत या, पण साखळी मी लावतो हं!’ सगळे हसले. मी कान लाल होईपर्यंत उभी राहिले आणि मग त्याच्या मेंढ्या तपासल्या. हे असं बरीच वर्षं चालेल असं दिसतं. चालू दे.

तुझ्याबद्दलही विचारतात. दुसरी लेखिका ती कोण, ती हल्ली कुठे असते.

मी त्यांना पत्ता देते.

केरेन्सा